पैसा गेला, तरी तोंड बंद का?

पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाच्या परिसरापासून औंढा आणि हिंगोलीच्या बाजारापर्यंत आता चहाच्या टपरीवर, शिलाईच्या दुकानातही मोबाईलवरून पैसे चुकते होतात. सोय झाली, यात शंका नाही. परंतु गल्ला मोबाईलमध्ये गेला, तसा चोरही मोबाईलमध्ये आला. हा चोर कुलूप फोडत नाही. मालकाच्याच हातून ते उघडवून घेतो. त्याचे तंत्र व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

त्याची हत्यारे तीन : लालूच, घाई आणि धाक. मोठ्या ऑर्डरचा फोन येतो. "अ‍ॅडव्हान्स पाठवतो, कोड स्कॅन करा, पिन टाका, लवकर करा." धंद्याच्या आनंदात माणूस पिन टाकतो आणि पैसे येण्याऐवजी जातात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे एवढेच घराघरांत सांगितले तरी पुष्कळ बचाव होईल.

धाकाचा प्रकार अधिक वाईट. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, असे सांगून वर्दीतला माणूस व्हिडिओवर बसवून ठेवतो आणि कोणाला बोलू देत नाही. यालाच 'डिजिटल अटक' म्हणतात. कायद्यात अशी अटकच नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षी लुधियानाचे मोठे उद्योगपती एस. पी. ओसवाल यांना खोट्या सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी दाखवून ७ कोटी रुपयांना फसविण्यात आले. तेव्हा अडाणीच फसतो, हा समज सोडावा. अमेरिकेत १९६१ साली स्टॅनली मिलग्राम यांनी प्रयोग केला. अधिकारी दिसणाऱ्याच्या हुकुमावरून ४० पैकी २६ जण समोरच्याला विजेचा सर्वांत मोठा झटका देण्यास तयार झाले. झटके खोटे होते, परंतु त्यांना ते खरे वाटत होते. हुकुमापुढे शहाणाही विचार करणे थांबवितो.

पैसा एकदा जातो. झोप मात्र रोज जाते. फसलेला माणूस स्वतःलाच दोष देतो, बायको-मुलांपासून लपवितो, फोन वाजला की दचकतो. ज्याच्या शब्दावर उधारी चालत होती, तो गिऱ्हाइकावरही संशय घेऊ लागतो. त्यात शेजारी विचारतात, "अक्कल कुठे गेली होती?" हा प्रश्न चोराच्या फायद्याचा आहे. लाजेने तोंड बंद राहिले की त्याला पैसे पुढे सरकविण्यास वेळ मिळतो. पुढे "पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा" म्हणणारा दुसरा ठग त्याच माणसाला गाठतो.

म्हणून पैसा गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेत कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात असेल तर ती रोखता येते. येथे एकेक मिनिट मोलाचे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, ग्राहकाने स्वतः पिन देण्याची चूक केली असली तरी बँकेला कळविल्यानंतर जे पैसे जातील ते नुकसान बँकेचे. संदेश व पावत्या पुसू नयेत.

आणि दुकानातील कारागीर पोरगा फसला, तर त्याला आधी रागावू नका. आधी फोन लावा. दरडावले तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.