तेराव्यानंतर घर शांत होतं, खरी गरज तेव्हा असते! दहशतवादी हल्ल्यानंतर मनाला बसणारा धक्का आणि घरच्यांनी, गावाने काय करावं

पनवेल : २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमध्ये पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात अतिरेक्यांनी पर्यटकांवर गोळीबार केला. २६ जणांचा जीव गेला. त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते आणि त्यातले एक आपल्या पनवेलचे. पर्यटकांबरोबर एक स्थानिक घोडेवालाही मारला गेला. अनेकांनी आपलं माणूस डोळ्यांदेखत जाताना पाहिलं. मृतांचा आकडा पेपरात छापून आला, पण जे जिवंत परतले त्यांच्या मनाचं काय झालं, याची चर्चा फार कमी झाली.

शेतात पायाखाली साप आला की माणूस विचार न करता मागे उडी मारतो. पुढे चार दिवस दोरी दिसली तरी दचकतो. मेंदूतली धोक्याची घंटा अशी काम करते. हल्ल्यातून वाचलेल्या माणसाची ही घंटा लवकर बंद होत नाही. आपल्याकडे हळदीच्या रात्री सुतळी बॉम्ब वाजतात. बाकीच्यांसाठी ती मजा असते, पण अशा माणसाचे हातपाय कापायला लागतात, घाम फुटतो. रात्री तेच स्वप्न पडतं. गर्दीत जायला नको वाटतं. बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड होते. काही जण तर काहीच वाटत नसल्यासारखे दगड होऊन बसतात. "मीच का वाचलो?" हा प्रश्नही आतून खात राहतो. यात वेड लागण्यासारखं काही नाही आणि बाहेरची बाधा तर अजिबात नाही.

पहिले काही आठवडे हे होणं स्वाभाविक आहे. बहुतेक माणसं घरच्यांच्या आधाराने हळूहळू सावरतात. पण महिना उलटला तरी त्रास कमी होत नसेल, कामधंदा, झोप, जेवण बिघडलं असेल, तर तो पीटीएसडी नावाचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. मुख्य उपचार बोलण्यातून होतो, गरज असली तर डॉक्टर औषध देतात. दारू घेऊन झोप आणणं किंवा मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणणं, ही दोन्ही कामं त्रास वाढवणारी.

आता शेजाऱ्यापाजाऱ्यांचं. दुखवट्याला आलेली माणसं पहिलाच प्रश्न विचारतात, "नक्की काय झालं, सांगा तरी!" त्या बाईने एकच गोष्ट दिवसातून वीसदा सांगायची का? जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की घडलेला प्रसंग खोदून काढू नये. त्यांची पद्धत साधी आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. म्हणजे आधी त्या माणसाला काय हवंय ते बघा, तो बोलला तर मध्ये न तोडता ऐका, आणि डॉक्टर, नातेवाईक, सरकारी कार्यालय यांच्याशी गाठ घालून द्या. "किती पैसे मिळाले?" हे तर कुणी विचारूच नये. लोक विचारतात, म्हणून लिहावं लागतं.

तेरावं होईपर्यंत घर भरलेलं असतं, चहाचं आधण उतरत नाही. चौदाव्या दिवशी अंगणात कुणी नसतं. कागदपत्रं, बँक, वारसाचे दाखले, मुलांची फी हे सगळं त्यानंतर सुरू होतं. तहसीलला बरोबर जाणारा एक माणूस तेव्हा शंभर सांत्वनांपेक्षा उपयोगी पडतो. पहिली दिवाळी, वाढदिवस आणि वर्षश्राद्ध जवळ आलं की दुःख पुन्हा वर येतं, हेही शेजाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

मोबाइलचा त्रास वेगळाच. २०१३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाला. त्यानंतरच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांनी पुढचा आठवडाभर रोज सहा तासांहून जास्त त्या बातम्या पाहिल्या, त्यांच्या मनावरचा ताण प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त होता. म्हणजे गावच्या ग्रुपवर रक्ताचे व्हिडिओ टाकणारा शेकडो घरांत भीती पोचवतो. त्या भीतीचाच राग होतो आणि तो कुठल्या तरी फेरीवाल्यावर किंवा शेजाऱ्यावर निघतो, ज्याचा हल्ल्याशी काही संबंध नसतो.

लहान मुलं तोंडाने सांगत नाहीत. मोठं झालेलं पोर पुन्हा अंथरूण ओलं करतं, आईचा पदर सोडत नाही, खेळातही गोळीबारच खेळतं. त्याला मारू नका, लाजवू नका. थोडक्यात, खरं तेच सांगा आणि शाळा, जेवण, झोप यांच्या वेळा पहिल्यासारख्या ठेवा. "बाबा गावाला गेलेत" असं खोटं सांगितलं की पोर वाट बघत राहतं.

मदतीसाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे. नंबर १४४१६. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. आधी समुपदेशक ऐकून घेतो, गरज वाटली तर पुढे मानसोपचार तज्ज्ञाशी जोडून देतात. त्रास असलेला माणूस स्वतः फोन करत नसेल तर घरच्यांनी करून विचारलं तरी चालतं. मात्र कुणी जीव द्यायची भाषा करत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.