पतंगाचे कान

दिवेलागणीला अंगणातल्या दिव्याभोवती जे मातकट पतंग घिरट्या घालतात, त्यांत हरभऱ्यावरील घाटे अळीचा पतंगही असतो. अळी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. घाट्याला भोक पाडून आतला दाणा खाणारी तीच. पण तिच्या पतंगाला कान असतात, हे किती शेतकरी बंधूंना ठाऊक असेल?

हे कान डोक्यावर नसतात. छातीच्या मागच्या भागात, पंखांच्या बुडाशी, दोन्ही बाजूंस एकेक पातळ पडदा असतो व त्यामागे हवेची पोकळी. आपल्या एका कानात आवाज टिपणाऱ्या पेशी सुमारे १५,००० असतात. या पतंगाच्या कानात अवघ्या दोन! त्या दोघी काय कळवतात, हे अमेरिकेत केनेथ रोडर व ॲशर ट्रीट यांनी १९५० नंतरच्या वर्षांत त्यांच्या नसेतील विजेचे ठोके मोजून शोधून काढले.

शिकारीला निघालेले वटवाघूळ आपल्याला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीत सारखे ओरडत असते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरते. पहिली पेशी फार हळवी. वटवाघूळ शंभर फुटांवर असतानाच ती खबर देते, आणि तेवढ्या अंतरावरून वटवाघळाला पतंगाचा पत्ताही नसतो. दुसरी पेशी आवाज बराच मोठा झाल्यावरच जागी होते.

कीटकाचा सारा कारभार डोक्यातल्या मेंदूतून चालत नाही. पोटाच्या बाजूने जाणाऱ्या मज्जारज्जूवर गाठी असतात. कानाची नस थेट छातीतल्या गाठीत शिरते, आणि पंखांच्या स्नायूंना हुकूम तेथूनच सुटतात. ज्या बाजूच्या कानाचे ठोके आधी व जास्त, तिकडे शत्रू. पतंग उलट दिशेला वळतो. आवाज अगदी जवळ आला, की वेड्यावाकड्या गिरक्या घेतो किंवा पंख मिटून सरळ खाली गवतात पडतो.

एवढे करूनही पुष्कळ पतंग वटवाघळांच्या तोंडी जातातच, आणि प्रत्येक मादीबरोबर शेकडो अंडी जातात. म्हणून माळ्यावरच्या लहान वटवाघळांना धूर करून हाकलण्यापूर्वी आपण विचार करावा. (फळे खाणारी मोठी वटवाघळे निराळी, त्यांच्याविषयी बागवाल्यांची तक्रार आम्ही जाणतो.) माळा झाडताना मात्र लेंड्यांवर आधी पाणी शिंपडावे, नाकातोंडाला फडके बांधावे, आणि खाली पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. ते चावल्यास जखम साबणाने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.