बेडकांच्या कातडीवर बुरशीचा घाला. सह्याद्रीतही नोंद, माणसाला धोका नाही

नवी मुंबई : पहिला पाऊस पडला की पनवेल, उरण, कर्जतच्या भातखाचरांत डराव-डराव सुरू होतं. पण जगात अनेक ठिकाणी हा आवाज कायमचा बंद झालाय. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे ‘कायट्रिड’ नावाची बुरशी. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार या रोगाने जगभरात बेडूकवर्गातील किमान 501 जातींची संख्या घटली आणि त्यांपैकी 90 जाती नामशेष झाल्या असाव्यात.

बेडूक मरतो कसा?
बेडूक कातडीतूनच पाणी आणि क्षार घेतो, काही प्रमाणात श्वासही घेतो. या बुरशीचे डोळ्याला न दिसणारे बीजाणू पाण्यात पोहत येतात आणि कातडीत घुसतात. कातडी जाड होते, अंगातले क्षार कमी होतात आणि शेवटी हृदय बंद पडतं. आजारी बेडूक सुस्त बसतो, कातडी वारंवार टाकतो, उलटा केला तर सरळ होत नाही.

आपल्याकडे काय स्थिती?
उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांत ही बुरशी असल्याचं संशोधकांनी 2013 मध्ये मांडलं. ती आशियातलीच जुनी जात निघाली. ऑस्ट्रेलिया किंवा मध्य अमेरिकेसारखे बेडकांचे सामूहिक मृत्यू आपल्याकडे दिसलेले नाहीत. मग काळजी कशाला? बाहेरून दुसरी, जास्त घातक जात आली तर इथले बेडूक तिला तोंड देतीलच असं नाही. ही बुरशी 17 ते 25 अंश तापमानात जोमाने वाढते, 28 च्या वर तिची वाढ थांबते. म्हणून डोंगरातले थंड ओढे जास्त जपायला हवेत. सह्याद्रीतल्या कितीतरी जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

पांढरं दिसलं म्हणजे रोगच नव्हे
बेडकाच्या अंड्यांवर कापसासारखे तंतू दिसले तर ती पाण्यातली बुरशीसारखी दुसरी लागण असू शकते. ती माशांनाही होते. मात्र पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा टाकीच्या भिंतीला लागलेला पांढरा फेस हे झाडबेडकाचं घरटं असतं. ते पुसू नका.

शेतकऱ्याचा तोटा काय?
बेडूक शेतातले किडे खातो. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने 1987 मध्ये बंद केली, त्यामागेही हीच काळजी होती. बेडूक गेले तर किडींचा एक फुकटचा पहारेकरी जातो.

एवढं करा
– एका तळ्यातले बेडूक, बेडूकमासे किंवा पाणी दुसऱ्या तळ्यात टाकू नका.
– काचेच्या टाकीतले पाळीव मासे, बेडूक ओढ्यात सोडू नका.
– डोंगरावरून आल्यावर बुटांचा चिखल धुवा, बूट कडक उन्हात वाळवा. पूर्ण वाळलं की ही बुरशी मरते.
– एकाच जागी बरेच बेडूक मेलेले दिसले तर हात लावू नका. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा. जवळच्या शेतात औषध फवारलं असेल तर तेही सांगा, कारण मरण्यामागे विषही असू शकतं.

ही बुरशी माणसाला किंवा गुराढोरांना होत नाही. त्यामुळे घाबरून बेडूक मारू नका.