अॅल्युमिनियम : मातीतून विमानापर्यंत

नाशिक हे तांब्यापितळेचे गाव. येथील तांबटांचा ठोका आणि भांडीबाजारात घासूनपुसून मांडलेले हंडे-कळशा यांची ओळख नाशिककरांना नव्याने करून देण्याचे कारण नाही. ह्या बाजारात एक पांढरा, हलका धातू फार मागाहून आला. गृहिणींनी त्याला ‘जर्मन’ असे नाव दिले आणि मान मात्र खालच्या पायरीचा दिला. लग्नात तांब्याचे घंगाळ देतात, पितळेची समई देतात. जर्मनचे पातेले कोणी हौसेने आहेरात देत नाही. ते चेपेपर्यंत वापरायचे आणि चेपले की मोडीत घालायचे, एवढीच त्याची प्रतिष्ठा.

परंतु गावाजवळच, ओझर येथे, १९६४ साली विमानांच्या कारखान्याचा पाया घातला गेला. तेथे बनलेल्या मिग-२१ विमानांनी अनेक दशके देशाच्या आकाशाची राखण केली आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्या जातीची विमाने हवाई दलातून निवृत्त झाली. त्या विमानांच्या अंगाचा मोठा भाग ह्याच ‘जर्मन’च्या जातीचा, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. एकच धातू चुलीपाशी हलका ठरतो आणि आकाशात अमोल ठरतो. तो येतो कोठून आणि आपण समजतो तितका तो खरोखरच स्वस्त आहे काय, ह्या दोन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम त्याच्या नावाकडे पाहू. पावसाळ्यात गढूळ पाणी निवळावे म्हणून आपण त्यात तुरटी फिरवतो. तुरटीला लॅटिन भाषेत ‘अॅल्युमेन’ म्हणतात. त्यावरून धातूला अॅल्युमिनियम हे नाव मिळाले. तुरटी माणसाला हजारो वर्षे ठाऊक होती, पण तिच्या पोटात एक धातू दडला आहे हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. पृथ्वीच्या कवचात वजनाने शेकडा आठ भाग अॅल्युमिनियम आहे. इतका विपुल दुसरा धातू नाही, लोखंडसुद्धा नाही. ब्रह्मगिरीचा आणि अंजनेरीचा काळा फत्तरही त्याने भरलेला आहे. मग तो इतका उशिरा का सापडला? कारण प्राणवायूशी त्याची गाठ अतिशय घट्ट असते. तांबे किंवा लोखंड यांचे खनिज कोळशाबरोबर तापवले म्हणजे कोळसा त्यातील प्राणवायू ओढून घेतो आणि धातू मोकळा होतो. अॅल्युमिनियम असा कोळशाला वश होत नाही.

डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२५ मध्ये आणि जर्मनीच्या व्होलरने १८२७ मध्ये रासायनिक मार्गाने त्याचे अल्पसे कण मिळवले. पुढे फ्रान्सच्या डेव्हिलने १८५४ च्या सुमारास तो थोड्या मोठ्या प्रमाणावर काढला. पण त्यासाठी सोडियमसारखा महाग धातू खर्ची घालावा लागे. म्हणून त्या काळी अॅल्युमिनियम ही जडजवाहिराच्या पंक्तीची वस्तू होती. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर १८८४ साली कळस चढवला तो सोन्याचा नव्हे, जेमतेम पावणेतीन-तीन किलो अॅल्युमिनियमचा!

आता खनिजाकडे वळू. नाशिकचा फत्तर अॅल्युमिनियमने भरलेला असला, तरी तेथे तो वाळूच्या मूलद्रव्याशी, म्हणजे सिलिकॉनशी जखडलेला आहे आणि तो सोडवणे परवडत नाही. हे सोडवण्याचे काम आपल्याच महाराष्ट्रात काही ठिकाणी निसर्गाने करून ठेवले आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात लाखो वर्षांच्या उष्ण हवेने आणि मुसळधार पावसाने हाच काळा दगड कुजवला. त्यातील विरघळणारे क्षार आणि सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली. लोखंडाची व अॅल्युमिनियमची प्राणिदे मागे उरली. जेथे लोखंड अधिक उरले तो घरे बांधण्याचा तांबडा जांभा. जेथे अॅल्युमिनियम अधिक उरले ते बॉक्साइट. दोघे सख्खे भाऊच, आणि बहुधा एकत्रच नांदतात. बॉक्साइट हे नाव फ्रान्समधील ले बो ह्या गावावरून पडले. बेर्तिए ह्या शास्त्रज्ञाने १८२१ साली तेथे त्याची पारख केली.

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी, शाहूवाडी व चंदगड ह्या तालुक्यांत आणि रत्नागिरी-रायगडच्या काही भागांत हे खनिज आहे. ते डोंगरांच्या सपाट माथ्यांवर असते; त्या माथ्यांना तिकडे ‘सडा’ म्हणतात. खाण म्हणजे अंधारी भुयारे असे चित्र येथे मनात आणू नये. वरचा थर काढला की थोड्याच खोलीवर बॉक्साइट लागते, त्यामुळे काढणी सोपी. पण सडा हा नुसता ओसाड खडक नव्हे. तो पावसाचे पाणी आपल्या छिद्रांत साठवतो आणि खालच्या वाड्यांच्या झऱ्यांना पुरवतो. त्याच्या पातळ मातीवर श्रावणात फुलणारी रानफुले इतरत्र सहसा आढळत नाहीत. म्हणून खाण संपल्यावर माती पुन्हा पसरून झाडोरा उभा करणे हा खाणीच्या खर्चाचाच भाग समजला पाहिजे. ही ह्या धातूची पहिली किंमत.

बॉक्साइटातून शुद्ध अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमचे प्राणिद, काढण्याची रीत बायर ह्या ऑस्ट्रियन रसायनज्ञाने १८८७-८८ मध्ये शोधली. ती आपल्या स्वयंपाकघरातील अनुभवावरून सहज समजेल. साखर आणि वाळू एकत्र झाली तर आपण पाणी घालतो. साखर विरघळते, वाळू खाली बसते. त्याचप्रमाणे दळलेले बॉक्साइट कॉस्टिक सोड्याच्या कढत द्रावणात दाबाखाली शिजवले की अॅल्युमिना तेवढा विरघळतो आणि लोखंडादी द्रव्ये गाळ होऊन राहतात. निवळ द्रावण थंड करताना त्यात आधीच्या खेपेचे थोडे स्फटिक टाकतात, अगदी विरजण लावावे तसे. त्यांच्याभोवती नवे स्फटिक धरतात. ते गाळून हजार अंशांच्या वर भाजले म्हणजे पांढरी, मिठासारखी पूड मिळते. हाच अॅल्युमिना. मागे राहिलेला तांबडा, दाहक गाळ मात्र मोठीच अडचण होऊन बसतो. हंगेरीत ऑयका येथे २०१० च्या ऑक्टोबरात अशा गाळाच्या तलावाचा बांध फुटला आणि दहा माणसे प्राणास मुकली. ही दुसरी किंमत.

तिसरी किंमत सर्वांत भारी, आणि तीच ह्या विषयाचे मर्म आहे. अॅल्युमिनियम आणि प्राणवायू यांची गाठ सोडवायला विजेवाचून उपाय नाही. पाण्यात द्रावण करून वीज सोडावी तर पाण्याचेच विघटन होते. अॅल्युमिना वितळवावा तर त्याला दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. ह्या कोड्याचे उत्तर १८८६ साली दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, शोधले : अमेरिकेत हॉलने आणि फ्रान्समध्ये एरूने. दोघांचाही जन्म १८६३ चा आणि दोघांचाही मृत्यू १९१४ चा, हा योगायोग विलक्षणच. त्यांनी असे पाहिले की क्रायोलाइट नावाचे खनिज वितळवले तर त्या रसात अॅल्युमिना सुमारे साडेनऊशे अंशांवरच विरघळतो. आतून कोळशाचे अस्तर दिलेल्या पोलादी घटात हा रस ठेवतात, वरून कोळशाचे जाड ठोकळे त्यात बुडवतात आणि प्रवाह सोडतात. प्राणवायू वरच्या कोळशाशी संयोग पावून वायुरूपाने निघून जातो. धातू तळाशी जमतो व तेथून ओढून घेतात. विजेचा दाब म्हणाल तर प्रत्येक घटाला चार-साडेचार व्होल्ट, पण प्रवाह मोठ्या घटांत लाखो अँपिअरचा.

हिशेब असा मांडता येईल. चार ते पाच टन बॉक्साइटपासून सुमारे दोन टन अॅल्युमिना आणि दोन टन अॅल्युमिनापासून एक टन धातू निघतो. त्या एका टनाला सुमारे चौदा हजार युनिट वीज लागते; म्हणजे किलोमागे चौदा युनिट. अर्ध्या किलोच्या पातेल्यात सात युनिट वीज गोठलेली आहे. तेवढ्या विजेवर दहा वॉटचा दिवा रोज पाच तास जाळला, तर साडेचार महिने जळेल! एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातील २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण शक्तीने रात्रंदिवस चालवून त्याची सारी वीज अॅल्युमिनियमला दिली, तर दिवसाकाठी साधारण ३६० टन धातू निघेल आणि शहराच्या वाट्याला त्या संचातून एक दिवाही उरणार नाही.

खनिज हाताशी असूनही महाराष्ट्रात हा धातू का निघत नाही, याचे उत्तर ह्या हिशेबात आहे. भारतात पहिले अॅल्युमिनियम १९४३ साली निघाले ते केरळात आलवायेजवळ, कारण तेथे धबधब्याची वीज होती. भारत अॅल्युमिनियम कंपनी १९६५ मध्ये स्थापन झाली तेव्हा मध्य प्रदेशातील कोरबाबरोबर आपल्याकडे कोयनेच्या विजेवर, रत्नागिरीला, कारखाना काढण्याचे योजले होते. कोरबाचा उभा राहिला, रत्नागिरीचा कागदावरच राहिला. बेळगावला मात्र १९७० च्या सुमारास अॅल्युमिना आणि धातू दोन्ही काढणारा कारखाना सुरू झाला. पुढे वीज महाग झाली आणि तेथील धातू काढणारे घट थंड पडले. अॅल्युमिना तेवढा आजही तेथे तयार होतो. खनिज सड्यावर होते, कारखाना होता, हातात कसब असलेले कामगार होते. एक वीज परवडेनाशी झाली आणि बाकीचे सारे असून नसल्यासारखे झाले.

घटातून निघालेला शुद्ध धातू हलका असतो. त्याचे विशिष्ट गुरुत्व २.७, तर तांब्याचे ८.९. पण तो फार मऊ असतो. त्याला बळ येते ते मिश्रणाने. सिलिकॉन मिसळले की तो साच्यात सुरेख वाहतो व इंजिनाचे दट्टे ओतता येतात. मॅग्नेशियम, मँगनीज इत्यादींच्या मिश्रणाचे ‘हिंडालियम’ आपल्या स्वयंपाकघरांत पोचलेच आहे. विमानाचा मिश्रधातू मात्र जर्मनीत विल्म याने १९०६ मध्ये शोधला. त्याने अॅल्युमिनियमात सुमारे चार टक्के तांबे व किंचित मॅग्नेशियम घातले, धातू तापवून एकदम पाण्यात निववला, आणि काही दिवसांनी पाहतो तो धातू आपोआप अधिक कठीण झालेला! आत तांब्याचे सूक्ष्म कण जमून धातूच्या थरांना घसरू देत नाहीत, हे कारण पुढे उमगले. विमानाच्या कारखान्यांत अशा धातूच्या काही जातींचे रिबेट ठोकण्यापूर्वी शीतपेटीत ठेवतात, ते ह्याच कारणाने. बाहेर ठेवले तर ते ठोकण्याआधीच कठीण होतील. भांडीबाजाराला ज्याचा अभिमान, त्याच तांब्याने ‘जर्मन’ला आकाशात चढवले, ही गंमत नाशिककरांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता शेवटचा मुद्दा. प्राणवायूशी असलेली गाठ एकदा सोडवली की ती पुन्हा सोडवावी लागत नाही. जुने अॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते, आणि त्यापासून पुन्हा धातू करायला नव्या धातूच्या मानाने केवळ विसावा भाग ऊर्जा पुरते. म्हणून मोडीत निघालेले पातेले ही टाकाऊ वस्तू नसून साठवलेली वीज आहे. मात्र मोड वेगवेगळी ठेवली पाहिजे. भांड्यांची, तारांची, इंजिनांची मोड एकाच मुशीत गेली तर तांबे, सिलिकॉन, लोखंड सारे एकत्र होते. ते पुन्हा वेगळे करणे फार कठीण, आणि मग त्या धातूतून हलक्या प्रतीच्या ओतीव वस्तूच तेवढ्या होतात. आपल्या मोडवाल्याला हा भेद हाताला कळतो. त्याच्या तागडीत दर दिवशी पडणारे चेपलेले टोप आणि तुटक्या खिडक्यांच्या चौकटी यांमुळे कोठेतरी एका सड्याचा तुकडा शाबूत राहतो आणि एकलहऱ्यासारख्या एखाद्या केंद्राचा काही कोळसा वाचतो. तांब्यापितळेची मोड आपण तोळामासा पाहून देतो. ह्या पांढऱ्या धातूलाही तोच मान देण्याची वेळ आता आली आहे.