आबोली की गुलाबी?

घरातल्या घरात साड्या विकायला लागले, तेव्हा लेकाचा डिजिटल कॅमेरा हाताशी होता. फोटो काढायचा, गिऱ्हाइकाला पाठवायचा, झालं! पण एका ताईंनी साडी परत केली. ‘फोटोत फिकट गुलाबी होती, ही तर आबोली निघाली.’ पैसे दिले परत. पण ‘फसवलंत’ हा शब्द जिव्हारी लागला.

मैत्रिणींनो, फसवलं होतं कॅमेऱ्याने! बल्बखाली पांढरी साडीही पिवळट होते. आपले डोळे ते सांभाळून घेतात. कॅमेऱ्यात हे काम ‘व्हाइट बॅलन्स’चं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात : पिवळा बल्ब सुमारे २७००, दुपारचं ऊन सुमारे ५५००. ‘ऑटो’वर कॅमेरा नुसता अंदाज बांधतो. फोटोभर आबोलीच दिसली, तेव्हा त्याला वाटलं, उजेडच तांबूस आहे! म्हणून त्याने निळसर झाक मिसळली.

आता मी साडी खिडकीपाशी पसरते आणि घरातले दिवे बंद करते. दोन तऱ्हेचे उजेड एकत्र आले, की रंग बिघडलाच म्हणून समजा. मग तिथेच कोरा पांढरा कागद धरून, मेनूतल्या ‘कस्टम’मध्ये त्याचा फ्रेमभर फोटो घेते. ‘हे पांढरं’ एवढं कॅमेऱ्याला कळलं, की बाकीचे रंग जागेवर येतात. उजेड बदलला, की पुन्हा कागद. ‘कस्टम’ नसेल, तर ऊन, ढग, ट्यूब, बल्ब यांच्या चित्रांतून आपल्या उजेडाचं निवडायचं.

तीच साडी नव्या फोटोवर विकली गेली. घेणाऱ्या वहिनींचा फोन आला, ‘अगदी फोटोतल्यासारखीच आबोली आहे हो!’

त्या ताईंनाही नवा फोटो पाठवलाय. बघू.