वीस कोटींपैकी खेळतात किती?

सांगलीत बुद्धिबळ खेळणाऱ्यांची मोजदाद एकेकाळी सोपी होती. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये सुरू केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धेत नाव द्यायचं, प्रवेश फी भरायची आणि पटासमोर येऊन बसायचं. वहीत जितकी नावं, तितके खेळाडू. कोणी दुसऱ्या फेरीला आलाच नाही तर रिकाम्या खुर्चीवरून पंचांना ते लगेच कळायचं. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे यांचं हे गाव. इथे कोण खेळतं आणि कोणी खेळायचं सोडलं, हे जाणकारांना तोंडपाठ असायचं. आता खेळ मोबाइलवर गेला. कराडच्या किंवा मिरजेच्या स्टँडवर एसटीची वाट बघत तीन मिनिटांचा डाव उरकणारा मुलगा कुठल्याच वहीत नाही. त्याच्याऐवजी आपल्या कानावर येतात ते कोटींचे आकडे. ते बहुतेक वेळा खरेच असतात. मात्र नेमकं काय मोजलं, हे विचारायचं राहून जातं आणि मग एकेक समजूत पक्की होत जाते.

“सदस्य इतके कोटी, म्हणजे खेळणारे तितके कोटी”

सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट गैरसमज. चेस डॉट कॉम या बुद्धिबळाच्या साइटची सदस्यसंख्या डिसेंबर २०२२ मध्ये १० कोटींवर गेली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२३ मध्ये, एका दिवसात १ कोटी सदस्य सक्रिय असल्याचा विक्रम झाला आणि त्या गर्दीनं साइटचे सर्व्हर धापा टाकू लागले. दोन्ही आकडे कंपनीनंच सांगितलेले. म्हणजे तोवरच्या सर्वांत गजबजलेल्या दिवसांतसुद्धा सदस्यांपैकी दहात एकच फिरकला होता. बाकीच्या नऊ जणांत कोण असतं? ऑक्टोबर २०२० मध्ये ‘द क्वीन्स गँबिट’ ही मालिका बघून खातं उघडणारा आणि आठवड्यात कंटाळलेला. पासवर्ड विसरला म्हणून नवं खातं काढणारा. लबाडी पकडली गेल्यावर दुसऱ्या नावानं परत आलेला. खरं तर अशा माणसाची दोन खाती, कधी तीन. २०२५ मध्ये हीच सदस्यसंख्या २० कोटींवर गेली. ती वाढणारच, कारण खेळणं सोडताना कोणी राजीनामा देत नाही.

या आकड्याचं मुकेपण बीजीएमआय या मोबाइल गेमच्या बाबतीत उघड दिसलं. जुलै २०२२ च्या सुरुवातीला क्राफ्टन कंपनीनं भारतात १० कोटी नोंदणीकृत खेळाडू झाल्याचं जाहीर केलं. महिना संपायच्या आत, २८ जुलैला, सरकारी आदेशावरून हा गेम प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअरवरून काढला गेला. परत आला तो मे २०२३ मध्ये. मधल्या काळात साताऱ्या-सांगलीतली किती पोरं खेळत राहिली आणि किती दुसऱ्या गेमकडे वळली, याबद्दल ‘१० कोटी’ हा आकडा एक अक्षर बोलत नाही. आणि उलट्या बाजूनंही फसायला नको. गेम स्टोअरवरून गेला म्हणजे खेळणारे शून्य झाले, असंही नव्हतं. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीच होता, त्यांचं खेळणं त्या दिवशी थांबलं नाही.

प्ले स्टोअरवरचा ‘१ कोटी+’ हा शिक्काही याच जातीचा. तो आजवरच्या डाउनलोडचा पट्टा आहे, आणि पट्टेही ढोबळ: १ कोटीनंतर थेट ५ कोटी, मग १० कोटी.

“सक्रिय म्हणजे सक्रिय, त्यात विचारायचं काय?”

विचारायचं ते हे की किती दिवसांत. जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे फिडे, वर्षभरात एकही मानांकन डाव न खेळणाऱ्याला निष्क्रिय धरतो. लिचेस ही मोफत साइट मानांकनाचा आलेख दाखवते तेव्हा फक्त त्या आठवड्यात खेळलेल्यांना मोजते. गेम कंपन्या एका दिवसाचे आणि एका महिन्याचे असे दोन आकडे ठेवतात आणि जाहिरातीत साहजिकच मोठा वापरतात. एकच मुलगा फिडेच्या हिशेबी सक्रिय, लिचेसच्या हिशेबी गैरहजर आणि कंपनीच्या महिन्याच्या यादीत हजर असू शकतो.

इथे थोडं गणित करू, कारण पुढचा निम्मा घोळ त्यातच आहे. समजा एका गेमला महिन्याभरात १,००० माणसं आली. त्यातली १०० रोज खेळतात आणि ९०० जण महिन्यातून एकदाच, कधीतरी. तीस दिवसांत वाटले तर हे हौशी रोज सरासरी ३० येतात. म्हणजे कुठल्याही एका दिवशी पटावर १३० माणसं, त्यातली १०० नेहमीची. त्या दिवशी डोकावणाऱ्याला वाटेल, इथे चारात तिघं पट्टीचे खेळाडू आहेत. महिन्याची यादी बघणाऱ्याला वाटेल, दहात नऊ जण हौशे-गवशे आहेत. दोघांचं निरीक्षण बरोबर आहे. म्हणूनच दिवसाच्या आकड्याला तीसनं गुणून महिन्याचा काढणं (१३० गुणिले ३०, म्हणजे ३,९००!) हा निव्वळ अडाणीपणा, आणि तो छापून आलेला मी वाचला आहे.

“साइटवर आत्ता लाखभर दिसतात, म्हणजे खेळणारे लाखभर”

लिचेसच्या पहिल्याच पानावर या क्षणी किती जण ऑनलाइन आहेत आणि किती डाव चालू आहेत, ते दिसतं. सगळ्या आकड्यांत हा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, पण तो फक्त त्या क्षणाचा आहे. त्यावरून दिवसाचे खेळाडू काढायचे तर माणूस किती वेळ टिकतो हे ठाऊक हवं. समजा एका साइटवर चोवीस तासांत सरासरी १ लाख माणसं असतात आणि एकेक जण अर्धा तास थांबतो. दिवसात अर्ध्या तासाचे ४८ तुकडे, म्हणजे ४८ लाख बैठका. एक माणूस दिवसातून दोनदा येत असेल तर २४ लाख माणसं. तीच बैठक तासाची निघाली तर माणसं १२ लाखांवर येतात. पडद्यावरचा आकडा मात्र तोच.

वेळेचंही भान हवं. आपल्याकडे रात्री साडेनऊला युरोपात संध्याकाळ होत असते. आपण पहाटे पाचला डोळे चोळत फोन उघडला तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दिवेलागण झालेली असते. जगभराच्या साइटची गर्दी आपल्या घड्याळावर चालत नाही.

याच आकड्याचा दुसरा सापळा म्हणजे मोजणाऱ्यानं कुठल्या दारात उभं राहून मोजलं. पबजी या लढाईच्या गेमच्या संगणकावरच्या आवृत्तीत जानेवारी २०१८ मध्ये स्टीम या गेम-विक्रीच्या मंचावर एकाच क्षणी ३२ लाखांहून जास्त खेळाडू होते. हा आकडा अजूनही पबजीच्या लोकप्रियतेचा पुरावा म्हणून फिरतो. इस्लामपूर किंवा कोरेगावच्या पोरांनी पबजी पाहिला तो मोबाइलवर. ती त्या आकड्यात कधीच नव्हती.

“डाव मोजले की माणसं मोजता येतात”

लिचेस दर महिन्याचे सगळे मानांकन डाव कोणालाही उतरवून घेता येतील असे खुले करते. जानेवारी २०१३ च्या पहिल्या संचात १,२१,३३२ डाव होते. अलीकडच्या वर्षांत महिन्याला ९ कोटींच्या आसपास असतात. अभ्यासकाला याहून चांगलं भांडार मिळणार नाही. पण ९ कोटी डाव म्हणजे १८ कोटी माणसं नव्हेत. एक-एक मिनिटाची बुलेट खेळणारा रात्रीत शंभर डाव उडवतो, तर दहा मिनिटांचा रॅपिड खेळणारी शिक्षिका आठवड्यातून दोन. थोडी माणसं बहुतेक डाव खेळतात, म्हणून सरासरी काढून भागाकार केला की उत्तर चुकतं. वेगवेगळी खाती मोजावी लागतात, आणि तरीही मानांकन नसलेले डाव, नुसती कोडी सोडवणारे आणि संगणकाशी खेळणारे निसटतात.

संगणकाशी खेळणारे हा तर वेगळाच विषय. जानेवारी २०२३ च्या त्या गर्दीत चेस डॉट कॉमवर ‘मिटन्स’ नावाची मांजरी होती. दिसायला गरीब, खेळायला क्रूर, आणि मुळात ती एक प्रोग्रॅम. जगभरातले लोक तिच्याकडून हौसेनं हरले. अशा प्रत्येक डावात माणूस एकच असतो. लिचेसवर अशा यंत्र-खात्यांच्या नावापुढे तशी स्पष्ट खूण असते. सगळ्या गेममध्ये ती सभ्यता नसते. लढाईच्या मोबाइल गेममध्ये नवख्याला उत्साह यावा म्हणून समोर बॉट, म्हणजे यंत्र-खेळाडू, उभे करतात, आणि ‘मी पहिल्याच दिवशी दहा जणांना मारलं’ म्हणणाऱ्या पोराला त्यातली माणसं किती होती याचा पत्ता नसतो.

आपल्याकडे उलटी चूकही होते, आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. वडिलांच्या एका फोनवर, एकाच खात्यावर, दोन भावंडं आणि सुट्टीत आलेला आतेभाऊ असे तिघं खेळतात. कंपनीच्या दृष्टीनं तो एकच खेळाडू आहे, फक्त सोमवारी छान आणि मंगळवारी भयानक खेळणारा.

“सर्वेक्षण केलं आहे, म्हणजे आकडा पक्का”

जगात ६०.५ कोटी प्रौढ नियमित बुद्धिबळ खेळतात, हे वाक्य जागतिक बुद्धिबळ दिनाला, २० जुलैला, हमखास कुठेतरी छापून येतं. संयुक्त राष्ट्रांच्या माहितीतही ते आहे. त्याचं मूळ २०१२ साली यूगोव्ह या संस्थेनं अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, रशिया आणि भारतात केलेल्या सर्वेक्षणात आहे. त्यात वर्षभरात निदान एकदा खेळलेल्यांचं प्रमाण ब्रिटनमध्ये १२ टक्के, तर भारतात तब्बल ७० टक्के निघालं.

हे आपल्या दोन जिल्ह्यांवर लावून बघू. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगलीची २८,२२,१४३. एकूण ५८ लाखांवर. त्यातले प्रौढ ढोबळमानानं दोन-तृतीयांश धरले तर साधारण ३९ लाख. त्यांचे ७० टक्के म्हणजे २७ लाख बुद्धिबळपटू! माण-खटावच्या चारा छावण्यांपासून जतच्या द्राक्षबागांपर्यंत, दर तिघा प्रौढांत दोघं वर्षभरात उंट-घोडे हलवून बसलेले. ज्यानं हे जिल्हे पाहिलेत त्याला हसू येईल. यूगोव्हसारख्या संस्था मुख्यतः ऑनलाइन पॅनेलवर चालतात, आणि २०१२ मध्ये भारतात इंटरनेट वापरणारे दर आठ-दहा माणसांत एखादा होते. जी उत्तरं आली ती त्या थरातली. गुणाकार मात्र साऱ्या देशाचा झाला. शिवाय ‘नियमित’ या शब्दात वर्षातून एकदा खेळणारेही घेतले की तो शब्द गुळमुळीत होऊन जातो.

“निदान जिल्ह्याचा आकडा तरी कंपनीकडे असेलच”

देशाचा असतो, जिल्ह्याचा अवघड. प्रोफाइलवरचा झेंडा खेळाडू स्वतः निवडतो, आणि जिल्ह्याला झेंडा नाही. उरतो आयपी पत्ता. मोबाइल कंपन्या एकेका पत्त्यावर शेकडो ग्राहकांना वाट करून देतात, आणि तो पत्ता बहुतेकदा मोठ्या शहरातल्या त्यांच्या केंद्राचा दिसतो. परिणामी वाईत बसून खेळणारी मुलगी नकाशावर पुण्याची किंवा मुंबईची ठरते. ‘ग्रामीण महाराष्ट्रात कोणी खेळत नाही’ असा निष्कर्ष अशा नकाशावरून काढला जातो, तेव्हा पुणे-मुंबईच्या फुगलेल्या आकड्यात आपली किती माणसं दडली आहेत, ते कोणी बघत नाही.

मग अंदाज काढायचा कसा? एक उत्तर आपल्याच डोंगरात आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तो साताऱ्या-सांगलीतही पसरलेला आहे. वाघ मोजताना कॅमेऱ्यात टिपलेले वाघ पट्ट्यांवरून ओळखतात आणि तोच वाघ पुन्हा किती वेळा येतो, त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात. हीच रीत बुद्धिबळाला लावता येते. लिचेसवर कोणीही गट काढून खुली अरीना स्पर्धा घेऊ शकतो, आणि सहभागींची यादी सर्वांना दिसते. समजा सांगलीतल्या एका प्रशिक्षकानं जिल्ह्यापुरती स्पर्धा दोन रविवारी घेतली. पहिल्या वेळी ६० जण आले, दुसऱ्या वेळी ५०, आणि त्यात २० नावं दोन्हीकडे होती. ६० गुणिले ५० भागिले २०, म्हणजे अशा स्पर्धांना येऊ शकणारे सुमारे १५०. यातही खोट आहे. नेहमीचे लोक दोन्ही वेळा सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं. शिवाय वाघाचे पट्टे बदलत नाहीत. खेळाडू मात्र पुढच्या रविवारी नव्या खात्यानं येऊ शकतो.

दुसरा रस्ता कंटाळवाणा पण भरवशाचा आहे. दोन्ही जिल्ह्यांतून चिठ्ठ्या टाकून ४०० माणसं निवडायची, लहानथोर सगळी, आणि एकच प्रश्न विचारायचा: गेल्या सात दिवसांत मोबाइलवर किंवा संगणकावर दुसऱ्या माणसाशी बुद्धिबळाचा निदान एक डाव खेळलात का? समजा १२ जण ‘हो’ म्हणाले, म्हणजे ३ टक्के. इतक्या लहान नमुन्यात खरं प्रमाण पावणेदोन ते सव्वापाच टक्क्यांत कुठेही असू शकतं, आणि ५८ लाखांवर लावलं तर उत्तर येतं १ लाख ते ३ लाख. बातमीदाराला असला आकडा आवडत नाही. त्याला ‘१ लाख ७५ हजार’ हवा असतो. पट्टा निम्म्यावर आणायचा तर माणसं चौपट, म्हणजे १,६०० गाठावी लागतील. त्यात महाबळेश्वरही हवं आणि आटपाडीही. आणि विचारणा मे महिन्यात केली की दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत, तेही आकड्याशेजारी लिहून ठेवावं लागेल.