परसांतील सुवासिक गुलाब

विहिरीच्या पाटाकडेला किंवा घरामागील परसांत दोन-चार गुलाबांपुरती जागा आपल्यापैकीं बहुतेकांकडे असते. तेथें कोणते गुलाब लावावे, असें विचारल्यास आमचें सांगणें एवढेंच कीं, रंग व आकार मागाहून पाहावा. आधीं वास घ्यावा. बाजारांतील लांब दांड्याच्या फुलांवर भुलून पुष्कळांची फसगत होते. तीं फुलें दूरच्या शहरीं पोहोंचून चार दिवस टिकावींत म्हणून निवडलेलीं असतात. पाकळी जाड, दांडा सरळ, आणि वास बहुधा नांवापुरता. गुलकंदास किंवा वेणींत माळण्यास तीं काय कामाचीं?

वास हा मुख्यतः जातीचा गुण होय. गुलाबाच्या वासांत जिरॅनिऑल हें एक प्रमुख द्रव्य असतें. तें तयार होण्यास पाकळींत एक विशिष्ट विकर लागतें, असें फ्रान्समधील संशोधकांनीं २०१५ सालीं दाखवून दिलें. त्यांनीं तपासलेल्या ‘पापा मेयाँ’ या सुवासिक जातींत त्या विकराचें जनुक जोमानें काम करीत होतें. वास नसलेल्या जातींत तें जवळजवळ निजलेलेंच आढळलें. तेव्हां शेणखत व पेंड घालून बिनवासाचा गुलाब दरवळूं लागेल, ही आशा धरूं नये.

एकच झाड लावावयाचें असेल तर आम्ही एडवर्ड गुलाब सुचवूं. हा जुना गुलाबी गुलाब हिंदी महासागरांतील रियुनियन बेटावर चिनी व दमास्क या दोन गुलाबांच्या संकरांतून झाला. चिनी गुलाबापासून त्यानें वारंवार फुलणें घेतलें व दमास्कापासून वास. पाकळ्या पातळ असल्यानें फूल फार टिकत नाहीं. पण गुलकंदास तेंच बरें. खुद्द दमास्क गुलाब हाथरस, एटा, पुष्कर इकडे अत्तर व गुलाबपाण्यासाठीं होतो. परंतु त्याचा मुख्य बहर वर्षांतून एकदांच, चैत्राच्या सुमारास येतो, आणि त्याला थंडीही चांगली लागते. लहान परसांत त्यासाठीं जागा अडवून ठेवणें आम्हांस परवडणारें वाटत नाहीं.

गडद लाल फूल हवें असल्यास १८९७ सालची ‘ग्रुस आन टेप्लित्स’ ही जात उन्हाला चिवट आहे. तिची मान लवते, एवढाच दोष. ‘मिस्टर लिंकन’ (१९६४) उंच वाढतो व वासाला उत्तम. ‘पापा मेयाँ’चा (१९६३) वास तर भरपूर, पण भुरी त्याला लवकर धरते. मोकळा वारा व सकाळचें ऊन नसेल तेथें तो लावूं नये.

रोप फुलावर असतांनाच, म्हणजे थंडीच्या दिवसांत, घ्यावें. केवळ चिठ्ठीवरच्या नांवावर विसंबूं नये. सकाळीं ऊन तापण्यापूर्वीं जाऊन अर्धवट उमललेलें फूल हुंगावें. दुपारीं वास बराच उडालेला असतो. शक्य तर घरांतील आणखी कोणास बरोबर न्यावें, कारण एकच वास सर्वांस सारखा येत नाहीं, आणि फुलें माळणारीचें मत आपल्यापेक्षां महत्त्वाचें!

रोप घेतांना डोळा कोठें भरला आहे तें नीट पाहून ठेवावें. आमच्या एका लाल गुलाबाला तिसऱ्या वर्षीं बारीक पांढऱ्या फुलांचे घोस आले. सांध्याखालून निघालेले खुंटाचे फुटवे आम्ही जोमदार वाढ म्हणून कौतुकानें राखले होते, आणि वरचें कलम केव्हांच मेलें होतें. तीन वर्षांचें पाणी फुकट गेलें. असे फुटवे दिसतांच माती उकरून मुळापासून ओढून काढावे. वरच्यावर कापल्यास ते पुन्हां येतात.

जागा निदान सहा तास उन्हाची व पाणी न साचणारी असावी. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरांत छाटणी करावी. गुलकंदाचीं फुलें सूर्य वर येण्यापूर्वीं तोडावीं, आणि त्या झाडावर विषारी औषध मुळींच फवारूं नये. भुरी दिसली तर तेवढा शेंडा छाटून जाळावा.